हा कॅन तुमचा नाही

बाळंतपणात चढलेलं बीपी नंतर आपोआप उतरतं, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. माझं उतरलं नाही. मुलगी महिनाभर आधीच, चिमटीत मावेल एवढी जन्मली म्हणून घरात तिचं नाव चिमटी पडलं. ती चिमटी आता पलंगाखालून चपला ओढून काढण्याइतकी मोठी झाली, तरी माझा आकडा वरच. गोळी चालू होती. दंडाला पट्टा बांधून बीपी बघायचं यंत्र घरी आणलं होतं, आणि ते मी इतक्यांदा लावायचे की सासूबाई म्हणायच्या, त्या यंत्राला तरी जरा श्वास घेऊ दे गं.

शेवटी किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. पोटुशी असताना माझ्या लघवीतून प्रोटीन जात होतं. ते थांबलंय की किडनीला कायमची इजा झालीय, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी एका अख्ख्या दिवसाची आणि रात्रीची लघवी साठवून द्यायची. लॅबमधून घट्ट झाकणाचा पांढरा कॅन मिळाला. तो घेऊन घरी येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी गेले तर चिमटीचं कोण करणार? तिला झोपवताना पाठीवर नेमकं कुठे थोपटायचं, हे अजून माझ्याशिवाय कुणाला जमत नव्हतं.

आमच्या घरात बीपी हे बायकांचं दुखणं होतं. सासूबाईंचं पाळी गेल्यावर वाढलं, माझं दिवस गेल्यावर. पुरुष ठणठणीत. सासरे ऐन उमेदीत गेले होते, पण ते चालताबोलता गेले असं सांगितलं जायचं, म्हणजे त्यांना काही आजार नव्हता असा त्याचा अर्थ. संध्याकाळी त्यांचे पाय सुजायचे, ते दिवसभर उभ्याने काम करून. एवढं सगळं सासूबाईंना तोंडपाठ होतं. बीपी कधी मोजलं होतं का, असं मी एकदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, धडधाकट माणसाचं कशाला मोजतील?

घरात पुरुष दोन. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक. खांद्याला हत्यारांची बॅग, नखांत ग्रीस, आणि मनगटं अशी की घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात लावावा लागे. धाकटा दीर जिममध्ये शिकवायचा. त्याला घरीदारी पैलवान म्हणत. फ्रिजवर त्याच्या प्रोटीनच्या पावडरीचा डबा असायचा, चिमटीपेक्षा मोठा. माझ्यासाठी स्वयंपाक बिनमिठाचा व्हायचा आणि या दोघांसाठी टेबलावर मीठदाणी. कॅरमवर पावडर शिंपडावी तसं नवरा ताटभर मीठ शिंपडायचा आणि मला डोळा मारायचा.

रविवारी मी कॅन भरला. घरातल्या एकुलत्या बाथरूमच्या कोपऱ्यात, थंड पाण्याच्या बादलीत तो ठेवला होता. पैलवान म्हणाला, वहिनी, आत तुमचा पाहुणा बसलाय, मला लाज वाटते. सासूबाई दिवसभर, भरपूर पाणी पी, चांगलाच रिपोर्ट येणार, असं म्हणत होत्या. इतक्या खात्रीने कशावरून म्हणताहेत, असं मला तेव्हाच वाटून गेलं. सोमवारी सकाळी झाकण गच्च बसवून, कॅन माझ्या निळ्या कापडी पिशवीत घालून मी तो नवऱ्याच्या हातात दिला. लॅब त्याच्या वाटेवर होती.

आठवडा संपायच्या आत डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला. कुणाला बरोबर आणू नका, म्हणाल्या.

मी विमा कंपनीत काम करते. लोकांचे आजारपणाचे दावे तपासते. कुणी काय लपवलंय, कुठल्या तारखेचा कुठल्या तारखेशी मेळ बसत नाही, हे बघायचा मला पगार मिळतो. रजा संपत आली होती, पण डोळ्याची सवय सुटली नव्हती. डॉक्टर एकटीला बोलावतात तेव्हा काय असतं ते मला माहीत होतं. चिमटीला सासूबाईंकडे सोडून गेले.

त्यांची खोली लहान होती. एक टेबल, एक वजनकाटा, भिंतीवर किडनीचं चित्र, आणि खिडकीला अर्धा पडदा. त्यांनी आधी मला काट्यावर उभं केलं. मग स्वतः बीपी घेतलं, दोन्ही दंडांवर. मग कागदाकडे बघत विचारलं, "कॅन तुम्ही स्वतः भरला?"

मी हो म्हटलं.

"चुकून दोन दिवसांची तर नाही ना साठवली?"

मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, तेही बरोबरच, दोन दिवसांची असती तर एवढ्या कॅनमध्ये मावली नसती. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि समजावून सांगितलं. माणसाच्या स्नायूंची रोज थोडीथोडी झीज होते, तिच्यातून क्रिएटिनिन तयार होतं आणि ते किडनी बाहेर टाकते. ज्याचा जेवढा स्नायू तेवढं ते रोज पडतं, फारसा फरक होत नाही. बाईच्या अंगात स्नायू कमी, म्हणून तिचं कमी. कॅन नीट भरलाय की नाही हे ओळखायला लॅब तोच आकडा बघते. माझ्या वजनाच्या बाईचा जेवढा यायला हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट आकडा त्या कॅनमध्ये आला होता.

"हा कॅन तुमचा नाही," त्या म्हणाल्या. "हा पुरुषाचा आहे. चांगल्या दणकट पुरुषाचा."

मला पहिल्यांदा इतकं हलकं वाटलं की मी हसलेसुद्धा. लॅबमध्ये अदलाबदल झाली असणार, म्हटलं. त्यांनी मान हलवली. लॅबला त्यांनी दोनदा विचारलं होतं. त्या सकाळी असा एकच कॅन आला होता, आणि चिठ्ठीवर माझंच नाव होतं. मग त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की ती मी लगेच ओळखली. दावा तपासताना मी कागदाकडे बघते तीच.

"विम्यासाठी किंवा नोकरीसाठी काही करताय का? तसं असेल तर मला आत्ताच सांगा."

मी कुठे काम करते ते सांगितलं. त्याने त्यांचा संशय कमी झाला की वाढला, कळलं नाही. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, घरात कुणी त्रास देतं का, तुम्ही आजारी दिसाव्यात असं कुणाला वाटतं का. कारण, त्या म्हणाल्या, ज्याची कुणाची ही लघवी आहे त्याच्यातून प्रोटीन नुसतं वाहतंय. तुमच्या नावाने हा रिपोर्ट कुणी बघितला तर तुमच्या किडन्या संपत आल्यात असंच म्हणेल.

"मग माझ्या किडन्या?"

"तुमचं रक्त चांगलं आहे. नवा कॅन भरा, मगच नक्की सांगेन." त्या थांबल्या. "पण हा माणूस मला हवाय. तुमच्या वयात बायकांना पाळी असेपर्यंत जरा सवलत मिळते, त्यांचं बीपी पुरुषांपेक्षा सहसा खालीच राहतं. पुरुषांना ती नाही. त्यांचं चढतं, किडनी झिजते, आणि दुखत काहीच नाही. याला पत्तासुद्धा नसेल. उशीर केलात तर उपयोग नाही."

नवा कॅन मी भाजीच्या पिशवीत लपवून घरी नेला.

आता घर मला वेगळं दिसायला लागलं. माझा कॅन बाहेर गेला आणि दुसऱ्या कुणाचा माझ्या नावाने आत गेला, हे आपोआप होत नाही. कुणीतरी हाताने केलंय. कशाला? सासूबाईंनी दार उघडलं आणि विचारलं, काय म्हणाली डॉक्टरीण? मी म्हटलं, मशीन बंद पडलं होतं, परत भरायला सांगितलंय. त्यांचा चेहरा मी नीट बघितला. जरा पडला. वाईट वाटलं म्हणून पडला, की आपला डाव फुकट गेला म्हणून? मला दोन्ही वाटून गेलं. चिमटी त्यांच्या कडेवर होती, त्यांच्या चष्म्याची दांडी चावत होती. मी तिला काढून घेतलं. त्या म्हणाल्या, अगं बसू दे की, रमलीय. मी दिली नाही.

पण त्या बाई होत्या आणि वयस्कर होत्या. दणकट पुरुष दोनच.

माझा संशय आधी पैलवानावर गेला. कॅनवरून सगळ्यात जास्त थट्टा त्यानेच केली होती. एवढी पावडर रोज पोटात जाते तर प्रोटीन दुसऱ्या कुणाचं जाणार? शिवाय लॅबच्या पावतीवर कॅन देणाऱ्याची सही होती आणि ती त्याची होती. नवऱ्याची नव्हतीच. हे मला घरी येऊन पावती परत उलगडल्यावर दिसलं. मी कॅन दिला एकाच्या हातात आणि लॅबमध्ये पोचवला दुसऱ्यानेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला आला तेव्हा सासूबाई चिमटीला घेऊन आत पडल्या होत्या. त्याने सहा अंडी उकडली, पिवळं बाजूला काढलं आणि उभ्यानेच खायला लागला. मी यंत्र घेऊन समोर बसले. म्हटलं, भाऊजी, हे बरोबर दाखवतंय का बघायचंय, हात द्या.

त्याने आनंदाने दिला. दंड फुगवून दाखवला. पट्टा कसाबसा पोचला. आकडा आला तो माझ्यापेक्षा चांगला.

"बघा, घोड्याची तब्येत आहे," तो म्हणाला.

सोमवारी कॅन तुम्ही दिलात का, असं मी विचारलं, जणू नुसतं आठवलं म्हणून. तो म्हणाला, हो की. दादाला कुठेतरी लिफ्टमध्ये माणसं अडकल्याचा फोन आला, म्हणून तो जिमच्या दारात माझ्या हातात देऊन पळाला. लॅब आमच्या शेजारचीच. मी विचारलं, पिशवी फाटली बिटली नाही ना? कापडाची शिवण उसवत आली होती.

"कसलं कापड? काळी प्लॅस्टिकची पिशवी होती, गाठ मारलेली. वहिनी, खरं सांगू का, मी ती एका बोटावर धरून नेली."

मी यंत्राची नळी गुंडाळत राहिले. निळी कापडी पिशवी दाराच्या मागे खुंटीला होती. ती सोमवारी संध्याकाळीच परत आली होती, नवऱ्याच्या हातून, घडी घालून. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण कॅन कापडी पिशवीतून निघून काळ्या पिशवीत कशाला जाईल? जाणारच नाही. काळ्या पिशवीतला कॅन वेगळाच होता.

म्हणजे नवरा.

त्या संध्याकाळी मी त्याला काहीच विचारलं नाही. नुसती बघत बसले. तो चिमटीला पोटावर घेऊन आडवा पडला होता. तिला वर उचलायचा, खाली आणताना तोंडाने लिफ्टसारखा आवाज काढायचा, आणि ती हसून लाळ त्याच्या शर्टावर सांडायची. या माणसाला मी मेलेली चालेल, असं काही केल्या डोक्यात बसेना. आणि बसत नाही म्हणून सोडूनही देता येईना. कित्येक दाव्यांत मी बघितलंय, सगळ्यात गोड बोलणाऱ्याच्याच कागदात खोट निघते. बाथरूममधून बाहेर येताना त्याने मागे एक बादली पाणी टाकलं. मग आणखी एक. हल्ली तो नेहमी दोन टाकायचा. फेस राहतो म्हणून. फेस संडास धुवायच्या नव्या औषधाने होतो असं सासूबाईंचं म्हणणं होतं. माझ्यानंतर कधी राहत नव्हता.

मग मात्र मी थांबले नाही. सकाळी तो कुठल्या इमारतीत जाणार ते विचारून घेतलं, आणि दुपारी चिमटीला कडेवर घेऊन तिथे गेले. लिफ्टच्या दाराला दुरुस्तीची पाटी लावलेली होती. जिने चढत गेले. गच्चीवर मशीनची खोली होती, दार उघडं. आत तेलाचा आणि गरम वायरचा वास, मधोमध मोटर, तिच्यावरच्या जाड चाकावरून लोखंडी दोर खाली जमिनीतल्या भोकांत गेलेले. तो वाकून एका दोराला हात लावून बघत होता. मला बघितल्यावर आधी चिमटीकडे धावला. काय झालं, बरी आहे ना?

मी म्हटलं, तिला काही झालं नाहीये. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलंय की तो कॅन पुरुषाचा होता. काळ्या पिशवीचंही मला कळलंय. आता तू सांग.

तो कपड्याने हात पुसत राहिला. ग्रीस निघत नव्हतं, तरी पुसत राहिला. मग बोलला. रागावला नाही, हसला नाही. मला वाटलं होतं तो हे दोन्ही करून बघेल.

लॅबमधून त्याने दुसरा कॅन मागून आणला होता, पहिला फुटला असं सांगून. शनिवारी सकाळपासून रविवार सकाळपर्यंत स्वतःची साठवली. शनिवारी कामावर हा कॅन या मशीनच्या खोलीत ठेवला, इथे कुणी येत नाही. रात्रीसाठी हत्यारांच्या बॅगेतून घरी आणला आणि रविवारी इथेच परत ठेवला. सोमवारी माझा ओतून दिला आणि स्वतःचा, काळ्या पिशवीत, वर माझ्या नावाची चिठ्ठी लावून, पैलवानाला दिला. तेवढ्यात खरंच माणसं अडकल्याचा फोन आला होता. ते काही खोटं नव्हतं.

"का पण?"

"तू आरशात बघतेस का कधी? तुझं बीपी किडनीने नाही वाढत, काळजीने वाढतं. दिवसभर ते यंत्र. रिपोर्ट चांगला आला असता तर तू शांत झोपली असतीस, आणि झोपलीस की उतरलं असतं." तो चिमटीच्या पायाशी खेळायला लागला. "आणि खरंच वाईट निघालं असतं तर? मी ते ऐकणार कसं? मग म्हटलं, ठणठणीत माणसाची देऊ."

"ठणठणीत," मी म्हटलं.

मग मी त्याला त्या कॅनमध्ये काय निघालं ते सांगितलं. त्याला पटेना. लॅबचं चुकलं असेल. वजन उचलतो म्हणून असेल. पैलवानाची पावडर त्याने दोनदा चोरून खाल्ली होती, त्याचं असेल. पावडर खाल्ली म्हणजे ती तशीच्या तशी खालून पडते, असं त्याचं शास्त्र होतं. मी म्हटलं, पैलवान डबाभर खातो, त्याचं बीपी काल मी बघितलंय. तुझं सांग. तो म्हणाला, माझंही बघितलं होतंस की, आकडा वर गेला तेव्हा सगळे हसलो नव्हतो का, पट्टा छोटा म्हणून? हसलो होतो. माझ्या दंडाचा पट्टा, त्याच्या दंडाला कसा पुरणार, म्हणून यंत्रालाच वेड्यात काढलं होतं. मी पण हसले होते, घरातल्या प्रत्येकाकडे संशयाने बघणारी मी.

"पट्टा छोटा असला तर आकडा जास्त येतो," मी म्हटलं. "पण बाथरूममध्ये फेस येत नाही. तो लघवीतल्या प्रोटीनचा असतो."

खाली कुणीतरी लिफ्टचं बटण दाबत होतं, आणि भिंतीवरच्या डब्यात एक दिवा उगाच लुकलुकत होता.

डॉक्टरीणबाईंकडे तो आला, पण मला वेगळं बसवून. त्यांनी रुंद पट्टा काढला, त्याच्या मापाचा. आकडा बघून त्यांनी तो परत घेतला. रक्त तपासलं. किडन्या निम्म्याच्या आसपास काम करत होत्या. त्या म्हणाल्या, उरलेलं सांभाळता येईल, गेलेलं परत येणार नाही. गोळ्या, मीठ बंद, पाठदुखीवर मनाने घेतो त्या गोळ्या बंद. वडील कशाने गेले असं त्यांनी विचारलं, आणि त्याने त्यांना पायांच्या सुजेचं सांगितलं. सांगता सांगता तो मधेच थांबला. मला दाराच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती.

माझा नवा कॅन मी स्वतः नेला. तो चांगला निघाला. प्रोटीन जवळजवळ नाहीच. बीपीची गोळी चालू ठेवायची, बाळंतपणात चढलेलं बीपी पुढे कधीही परत येऊ शकतं, म्हणून दरवर्षी दाखवायचं, बाकी काळजी नको. एवढे महिने जे ऐकायला मी तडफडत होते ते ऐकून मी नुसतं बरं म्हटलं.

घरी मीठदाणी टेबलावरून गेली. ती सासूबाईंनीच उचलली. माझ्यासाठी स्वयंपाक अळणी करताना त्या कधी कुरकुरल्या नव्हत्या, पण मुलाच्या ताटात अळणी भाजी वाढताना त्यांचा हात थांबायचा. एकदा म्हणाल्या, पुरुषाला कसं गं होतं हे? मी काय सांगणार? त्यांच्या नवऱ्यालाही झालं असेल हे त्यांना कळत होतं, आणि तेच विचारायचं त्या टाळत होत्या.

मग नवऱ्याच्या कंपनीची तपासणी आली. दरवर्षी असायची. बीपी बघतात, डोळे बघतात, लघवीत एक पट्टी बुडवतात. पट्टीचा रंग बदलला तर त्या माणसाला, लिफ्ट वरखाली जाते त्या भुयारात उतरू देत नाहीत. गोळीने त्याचं बीपी बरंच उतरलं होतं. राहिली ती पट्टी.

सासूबाई माझ्याकडे स्वयंपाकघरात आल्या. दार लोटून घेतलं.

"तुझी चांगली आली ना?"

"हो."

"मग कपभर दे. तिथे पट्टी बुडवतात नुसती, बाईची की पुरुषाची कोण बघतंय."

खरं होतं ते. पट्टीला कळत नाही. क्रिएटिनिन मोजलं तर ओळखता येतं, पट्टीत फक्त प्रोटीन दिसतं, आणि माझ्यात ते नव्हतं. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, घर त्याच्या कामावर चालतं, विचार कर. मी म्हटलं, आई, तो दोरांच्या मधे उभा असतो, खाली दहा मजले असतात, त्याला चक्कर आली तर? त्याने तुझ्यासाठी केलं होतं, एवढंच म्हणून त्या बाहेर गेल्या.

तपासणीच्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याची बॅग उघडली. सवयीने. पान्यांच्या आणि टेपच्या खाली, कपड्यात गुंडाळलेली एक छोटी पाण्याची बाटली होती. गळ्यापर्यंत भरलेली, पिवळी. आदल्या रात्री सासूबाईंनी पैलवानाला आपल्या खोलीत बोलावून घेतलं होतं, ते कशासाठी हे मला आता कळलं. नवऱ्याला माहीत होतं की नाही, ते कळलं नाही. बाटली काढून ओतून द्यायला मला क्षणही लागला नसता. पण मग तो खरं वागला की नाही, हे मला कधीच समजलं नसतं. एकदा त्याने माझ्या पाठीमागे कॅन बदलला होता, माझ्याच भल्यासाठी. त्याच्या भल्यासाठी मी त्याच्या पाठीमागे काय काय करणार होते? मी बाटली होती तशी गुंडाळली आणि बॅगेची चेन लावली. तो बाहेर आला, चिमटीच्या डोक्याचा वास घेतला, बॅग उचलली आणि गेला.

तो दिवस मी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. चिमटीने दोनदा बीपीच्या यंत्राची नळी चावली आणि मी तिला चावू दिली.

संध्याकाळी तो आला तेव्हा आम्ही सगळे घरातच होतो. पैलवान अंडी सोलत होता. सासूबाईंनी हातातलं काम थांबवलं. नवऱ्याने बॅग उघडली, कपडा सोडला आणि बाटली टेबलावर ठेवली.

"हे पैलवानाचं पैलवानाला परत," तो म्हणाला. "माझी मी दिली."

पैलवान अंड्याकडे बघत राहिला. सासूबाई खुर्चीवर बसल्या. त्याने हळूहळू सांगितलं. पट्टीचा रंग बदलला, तिथल्या डॉक्टरने विचारलं, त्याने आपली सगळी हकीकत सांगितली. भुयारात उतरणं बंद. आता वर्कशॉपमध्ये, मोटरी उघडून जोडायचं काम. पगार जरा कमी, पण काम आहे. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, बसून असतं का ते? तो हो म्हणाला, स्टुलावर बसून.

मी बाटली उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. थोडी ओतून कपात दिली असेल, आणि बाकी परत आणली असेल, तर पातळी खाली गेलेली दिसणार होती. तो माझ्याकडे बघत होता. मी काय बघतेय ते त्याला बरोबर कळलं होतं.

"बघ," तो म्हणाला. "नीट बघून घे."

मी नीट बघितलं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.